नारळ फुटला, पूल कुठंय?

*"सप्रेम नमस्कार. आमची वस्ती गावठाणापासून ओढ्यापलीकडे आहे. सत्तर-ऐंशी उंबरा. ओढा आला की शाळेची पोरं अडकतात, दूध डेअरीला पोचत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या जावेला बाळंतपणासाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पलीकडे न्यावं लागलं. विधानसभेच्या आधी आमदारसाहेब वस्तीवर आले, 'पुन्हा निवडून द्या, सहा महिन्यांत पूल' असा शब्द दिला. आचारसंहिता लागायच्या चार दिवस आधी नारळ फोडला, फलक लावला. साहेब निवडून आले. फलक उन्हानं पांढरा पडला, पूल नाही. विचारलं की 'पाठपुरावा चालू आहे' म्हणतात. वस्तीतली पोरं म्हणतात, पुढच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकू. मामंजी म्हणतात, मोठ्या माणसाशी वैर नको. शब्द मोडला म्हणून कोर्टात जाता येतं का? निवडून दिलेला माणूस परत बोलावता येतो का? आम्ही करायचं तरी काय?"*
*– ओढ्यापलीकडची एक, सोलापूर जिल्हा*

ताई, नमस्कार.

कोर्टाचं आणि परत बोलावण्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे त्यात तुमचे पैसे आणि पोरांचा जोर वाया जायला नको. दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे.

प्रचारात दिलेलं आश्वासन म्हणजे करार नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली तमिळनाडूतल्या मोफत वस्तूंच्या खटल्यात सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट मार्ग ठरत नाहीत. निवडणूक आयोगाला मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं, त्या आचारसंहितेत आल्याही. आश्वासनामागचं कारण द्या, पैसा साधारण कुठून येणार ते सांगा, असं त्यात आहे. पण नाही सांगितलं, किंवा सांगून केलं नाही, तर पुढं काय? काही नाही. आणि तुमच्या साहेबांचा शब्द तर जाहीरनाम्यातसुद्धा नाही, तो वस्तीवरच्या चावडीतला. वकील फी घेईल, खटला उभा राहणार नाही.

परत बोलावण्याची मागणी जयप्रकाश नारायण यांनी सत्तरच्या दशकात लावून धरली होती. आमदार-खासदारांसाठी तसा कायदा आजही नाही. हरियाणानं २०२०मध्ये केला तो पंचायत राज संस्थांपुरता. आपल्याकडे थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणता येतो, पण त्याला तीन चतुर्थांश सदस्य हवेत आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्यावर शिक्कामोर्तब व्हावं लागतं. आमदाराला यातलं काहीच लागू नाही. पाच वर्षं ते तिथं आहेत, हे धरूनच चाला.

आता बहिष्कार. पोरांचा राग मला कळतो, पण हा मार्ग मला मुळीच पटत नाही. दर निवडणुकीला कुठल्या ना कुठल्या गावाचा फोटो पेपरात येतो: रिकामं मतदान केंद्र, वेशीवर फलक. आदल्या रात्री तहसीलदार येतात, 'निवडणूक होऊ द्या, मार्गी लावतो' म्हणतात. म्हणजे एका आश्वासनाला कंटाळलेल्या गावाला दुसरं आश्वासन मिळतं, आणि तेही बदली होणाऱ्या माणसाकडून. शिवाय राजकारणी माणूस मतं मोजतो, ताई. तुमच्या वस्तीची दीड-दोनशे मतं पडलीच नाहीत तर त्याच्या हिशेबातून ती वजा होतात आणि पुढच्या खेपेला तो वस्तीवर यायचे कष्टही घेत नाही. 'नोटा'चंही फार मनावर घेऊ नका. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा'ला सत्तावीस हजारांवर मतं पडली, नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि निवडून यायचे ते निवडून आले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बाबतीत राज्य निवडणूक आयोगानं २०१८मध्ये, नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, असा आदेश काढला. पण विधानसभेला तो लागू नाही.

मग उरतं काय? उरते फाइल. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे की तुमचा पूल सभेत अडकलेला नाही, तो एका टेबलावर अडकलाय. ते टेबल कुठलं हे कळेपर्यंत तुम्ही 'पूल का नाही?' असं विचारणार आणि साहेब 'पाठपुरावा चालू आहे' असं म्हणणार. टेबल कळलं की प्रश्न बदलतो आणि मग ते उत्तर पुरत नाही.

पहिली गोष्ट. तुमच्या वस्तीच्या रस्त्याला क्रमांक आहे का? हसू नका, अर्धे पूल इथंच मरतात. आपल्याकडे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, म्हणजे ज्याला सगळे 'इजिमा' म्हणतात ते, जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. आणि वस्तीकडे जाणारी वाट बहुतेक वेळा यातली कुठलीच नसते. ती पाणंद असते नाहीतर शिवरस्ता, नकाशावर असलीच तर तुटक रेघ. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर पूल कुणी बांधायचा यावर दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमच्या बाबतीत असं असेल तर तुमची पहिली मागणी पुलाची नको, रस्त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा द्या ही हवी. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट पैशाची. आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो तो वर्षाला पाच कोटी. मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार, ग्रामीण भाग असेल तर शंभरावर गावं. त्यात सभामंडप, हायमास्ट, स्मशानभूमीचं शेड हे सगळं. ओढ्यावरचा मोठा पूल त्यातून होणं अवघड. तो होतो जिल्हा परिषदेच्या रस्ते-पुलांच्या ३०५४ या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून, नाहीतर बांधकाम विभागाच्या ५०५४मधून, नाहीतर ग्रामविकास खात्याच्या २५१५, म्हणजे 'पंचवीस-पंधरा'तून. या आकड्यांना बिचकू नका. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही ठेकेदाराला ते पाढ्यासारखे पाठ असतात, तुम्हालाही व्हायला हरकत नाही. साहेबांनी शब्द दिला तेव्हा यातला कुठला निधी त्यांच्या डोळ्यापुढं होता, हा अगदी साधा प्रश्न आहे. आणि शब्द देताना बहुतेकांच्या डोळ्यापुढं कुठलाच निधी नसतो.

तिसरी गोष्ट नारळाची. काम कागदावर असं चालतं: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम), मग काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि बिल. नारळ फोडायचा तो खरं तर कार्यारंभ आदेश हातात आल्यावर. आचारसंहिता तोंडावर आली की तो कधी नुसत्या प्रशासकीय मान्यतेवर फुटतो, तर कधी 'मान्यतेसाठी प्रस्ताव सादर' एवढ्यावरच. 'पुलाला मंजुरी मिळाली' या वाक्याचा अर्थ निधी मिळाला असा नसतो. मान्यता आहे आणि बजेटमध्ये तरतूद नावापुरती, अशी कामं वर्षानुवर्षं पडून राहतात. तुमचा तो पांढरा पडलेला फलक आहे ना, त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि योजनेचं नाव अजून वाचता येत असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. काय बांधायचं लिहिलंय तेही बघा. 'पूल' म्हणून सांगितलेलं काम कागदावर फरशी पूल (पुराचं पाणी वरून जातं असा ठेंगणा) किंवा नळ्यांची मोरी असतं, असं पुष्कळदा निघतं.

हे सगळं कळायचं कसं? माहिती अधिकारात. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमात दोन अटी आहेत ज्यात नवखा माणूस अडकतो: अर्ज एकाच विषयाचा हवा आणि दीडशे शब्दांच्या आत. शिवाय 'पूल का झाला नाही?' असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागता येतो, खुलासा नाही. 'का'ला ते 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती' असा शेरा मारून अर्ज निकाली काढतात. असं लिहा:

*विषय: मौजे अमुक येथील गावठाण ते तमुक वस्ती रस्त्यावरील ओढ्यावरील पूल.*
*१) सदर रस्त्याचा दर्जा व मार्ग क्रमांक.*
*२) पुलाच्या कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व कार्यारंभ आदेश यांच्या प्रती.*
*३) कामाचे लेखाशीर्ष, तरतूद व आजअखेर प्राप्त निधी.*
*४) या कामासंबंधी लोकप्रतिनिधींकडून प्राप्त झालेल्या सर्व पत्रांच्या प्रती, आवक क्रमांकासह.*

चौथा मुद्दा मुद्दाम घातलाय. 'पाठपुरावा चालू आहे' म्हणजे किती पत्रं, कधी, कुणाला, हे त्यातून कळतं. पाच पत्रं निघाली तर साहेबांचं ऐकून घ्या, त्यांनी खरंच धडपड केलीय आणि अडचण वर आहे. एकही निघालं नाही तर तुमच्याजवळ भाषणापेक्षा भारी कागद आहे.

अर्ज जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्या. ऑफिस चुकलं तरी बिघडत नाही, योग्य ठिकाणी पाठवणं कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ऑफिसातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टँप. पहिल्या अपिलापर्यंत बहुतेक कागद बाहेर येतात. दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगात फार वाट पाहावी लागते, तिथवर न जाता काम झालं तर बरं.

आता मामंजींचं म्हणणं. मला ते भित्रेपणाचं वाटत नाही. ऊस तोडणी, सोसायटीचं कर्ज, पोराची बदली, हे सगळं त्याच माणसांच्या हातात असतं हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलंय. म्हणून अर्जावर तुमचं नाव नकोच. माहिती अधिकाराचा अर्ज भारताचा कुठलाही नागरिक करू शकतो. वस्तीतलं कुणी पुण्या-मुंबईत नोकरीला असेलच. त्याला करू द्या, कागद त्याच्या पत्त्यावर येतील.

आणि मागणी करायची ती माणसानं नव्हे, ग्रामसभेनं. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात आणि गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते, लागतं. होतं काय, की माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. मग दहा जणांत गावाचे ठराव होतात. तुमच्या वस्तीतून तीस-चाळीस बाया एकदम आल्या तर त्या सभेचं रूप पालटेल. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिथंच पुलाचा विषय मांडून ठराव करून घ्या, मग मुख्य सभेत. ठरावात 'पूल व्हावा' असं गुळमुळीत नको. कागदातून जे टेबल सापडेल त्याचं नाव घाला: 'अमुक कामास अमुक दिनांकाची प्रशासकीय मान्यता असून निधीअभावी निविदा निघालेली नाही, तरी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.' ठराव प्रोसिडिंगला लिहिला गेल्याशिवाय उठू नका, आणि आठवड्याभरात त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, 'नंतर लिहितो' म्हणतील. नंतर म्हणजे कधीच नाही. टाळाटाळ झाली तर गटविकास अधिकाऱ्यांकडे (बीडीओ) लेखी तक्रार.

हा ठराव हातात असला की वैर कुणाशी? गावाचा ठराव आहे, आमदारांना प्रत दिलीय, एवढंच. पोच मात्र घ्यायची. त्यांच्या कार्यालयातला पीए 'ठेवा, साहेबांना दाखवतो' म्हणेल. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय पायऱ्या उतरू नका. एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना. आणि वेळ साधा. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचं ठरतं ते साधारण डिसेंबर-जानेवारीत पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या नियोजन समितीत, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये. एप्रिलमध्ये निवेदन दिलंत तर पुढचं वर्षभर 'पुढच्या बजेटला बघू' ऐकाल. जिल्हा परिषद सदस्यालाही धरा. २०२२पासून बराच काळ जिल्हा परिषदांवर प्रशासकच होते, विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. अशा कितीतरी पुलांचा जीव त्या काळात गेला असेल, याचा हिशेब कुणी मागत नाही.

आमदारांना भेटाल तेव्हा 'पूल कधी?' याच्याबरोबर आणखी एक विचारा: "सभागृहात विषय काढलात का?" सत्ताधारी पक्षाचा आमदारही तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो; दोन्हींना मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. याचा फायदा असा की मंत्र्यानं सभागृहात 'करतो' म्हटलं की त्या शब्दाची जात बदलते. विधानमंडळाची आश्वासन समिती असते, ती अशा शब्दांची नोंद ठेवून खात्याला विचारत राहते. प्रचारसभेतल्या आश्वासनाला समिती नाही, सभागृहातल्या आश्वासनाला आहे. म्हणून साहेबांच्या तोंडचा शब्द मंत्र्यांच्या तोंडी जाईल असं बघा. कामकाज छापलं जातं, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर बघता येतं, तेव्हा "काढला होता की" असं नुसतं सांगून भागत नाही.

तुमचा पूल लहान आहे म्हणून हे असं, मोठ्या आश्वासनांचं काही वेगळं असेल, असं समजू नका. २०२४च्या विधानसभेला लाडक्या बहिणींना दीड हजारांऐवजी एकवीसशे आणि शेतकऱ्यांना कर्जमाफी हे महायुतीच्या प्रचारात होतं. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात एकवीसशे आले नाहीत, आणि त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा असं सांगितलं. कर्जमाफीचं उत्तर बरेच महिने 'योग्य वेळी' असं होतं. ऑक्टोबरात बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी नागपूरला महामार्ग अडवला तेव्हा सरकारनं समिती नेमली आणि ३० जून २०२६पर्यंत निर्णय घेऊ असं सांगितलं. तेव्हा कर्जमाफी मिळाली नाही, तारीख मिळाली. पण 'योग्य वेळी'वर कुणाला पकडता येत नाही, तारखेवर येतं. तुम्हीही साहेबांकडून पूल मागू नका, तारीख मागा. निविदा कधी, कार्यारंभ आदेश कधी. आणि ती लेखी मागा, त्यांच्या लेटरहेडवर. नाही दिली तर ग्रामसभेत 'तारीख मागितली, मिळाली नाही' एवढी नोंद करून घ्या. शिवीगाळ नको, पुतळा नको.

पोरांना काम द्या. त्यांचा जोर बहिष्कारात घालवण्यापेक्षा ओढा येईल त्या प्रत्येक दिवसाचा व्हिडिओ तारखेसकट काढायला लावा, शाळेच्या हजेरीची नक्कल घ्यायला लावा, डेअरीच्या पुस्तकातले कोरे दिवस उतरवायला लावा. नियोजन अधिकाऱ्यासमोर 'खूप हाल होतात' यापेक्षा 'जुलैत इतके दिवस दूध गेलं नाही' हे जास्त चालतं. पुढच्या निवडणुकीत जो कुणी वस्तीवर येईल, हे साहेब किंवा दुसरे, त्याच्यापुढं हार-तुऱ्यांऐवजी हीच फाइल ठेवायची आणि विचारायचं: यातल्या कुठल्या टेबलापासून तुम्ही सुरुवात करणार? त्याला लेखाशीर्ष सांगता आलं नाही तर त्याचं भाषण लांबवू देऊ नका.

आता एक तातडीचं. हे सगळं नीट जमलं तरी पूल उभा राहायला एखादा पावसाळा जाणारच. तोवर पायी माणूस जाईल एवढा साकव तरी द्या, अशी वेगळी मागणी ठरावात घाला. ते काम लहान, मंजुरी खालच्या पातळीवर, लवकर होण्यासारखं. आणि वस्तीत ज्या बाया जून ते सप्टेंबरात बाळंत होणार आहेत त्यांची यादी आशाताईंकडून आत्ताच करून घ्या. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी त्यांना गावठाणात कुणाच्या तरी घरी आणून ठेवायचं, कुणाच्या घरी ते आधी ठरवून. आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरनाही ती यादी द्या, आणि यादीवर त्यांचीही पोच घ्या.